वहिनीचा कम्प्युटर अन् नवीन विंडोज

दोस्तहो, सकाळपासून लिहितो लिहितो म्हणून राहिलो, पण मधेच चहाला वारंगा फाट्यावर गेलो अन् तिथंच रमलो. आता लिहितो.

घरच्या कम्प्युटरवर रोज सूचना येऊन राहिली, नवीन विंडोज टाका. आज मी टाकायलाच बसलो, तर वहिनी पिठाच्या हातानं धावत आली.

“भावजी, हात लावू नका! माझं पत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर नव्यात चालत न्हाई.”

वहिनी घरीच लग्नपत्रिका करते. आमच्याकडं पत्रिकेत सगळ्या भावकीची, सोयऱ्यांची नावं लागतात. मागच्या साली ताईच्या पत्रिकेत शिरड शहापूरच्या मामाचं नाव सुटलं, तवापासून मामा आमच्या दारात न्हाई.

“पण जुन्यात व्हायरस शिरला तर?”

“कॉपी काढून ठेवा. लगीनसराईत काम अडलं तर तुमी जाल भटकायला, लोक मलाच धरतील!”

बराबर बोलली. सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं, नवीन विंडोज सराईनंतर. तुमी काय केलं असतं?

थांबा, दारात कोणीतरी आलं. अरे, मामा! उंबऱ्यातूनच म्हणून राहिला, “सूनबाई, पोरीची पत्रिका करायची. पण नावं मी इथंच बसून बघणार!”