मथुराबाईच्या ओसरीवरचा करंट

मथुराबाईचं घर माझ्या किराणा दुकानाच्या अगदी समोर. मधली गल्ली इतकी अरुंद, की तिच्या ओसरीवर कोणी हळू बोललं तरी माझ्या गल्ल्यापर्यंत ऐकू येतं. त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. तेलंगणात जैनथकडच्या आमच्या गावात ऐकीव बोलणारे पुष्कळ आहेत आणि हल्ली मला त्यांचा फार राग येतो.

बाई भाजीवाली. नवरा गेल्यावर विहिरीकाठच्या तुकड्यात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि पाट्या भरून सकाळच्या ऑटोनं आदिलाबादच्या रैतू बाजारात, शेतकऱ्यांच्या मंडईत, न्यायची. अंगानं काडी, पण जीभ तिखट. गिऱ्हाईक वांगी उलटीपालटी करून फार वेळ बघायला लागलं की म्हणायची, सोयरीक जमवायला आलास का रे? पण डोक्यावर पाट्या वाहून वाहून तिची कंबर गेली. बसली की उठता येईना, उठली की बसता येईना. मुलगा भूषण निर्मलला नोकरीला. तो आला आणि तिला आदिलाबादला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या मीनल मॅडमनं व्यायाम शिकवले, कंबरेला करंट दिला, आणि रोज येणं जमणार नाही म्हणून घरी वापरायची एक पेटी घ्यायला लावली. मुठीत मावेल एवढी पेटी, तिला वायरी आणि वायरींच्या टोकाला अंगाला चिकटणारी पॅडं.

मथुराबाई शाळेत गेली नव्हती, पण एकदा कानावर पडलेलं विसरत नसे. मॅडमनं सांगितलेलं सगळं तिनं येऊन माझ्या बायकोला, जयवंताबाईला, जसंच्या तसं ऐकवलं. बटण वाढवायचं ते नुसत्या मुंग्या आल्यासारखं होईपर्यंत, चटका बसेपर्यंत नाही. ओल्या अंगाला लावायचं नाही, गळ्यावर, छातीवर लावायचं नाही, लावून झोपायचं नाही. छातीत मशीन बसवलेल्या माणसाला नाही, कातडी बधिर झालेल्याला नाही, पोटुशी बाईला नाही. आणि सगळ्यात शेवटी मॅडम म्हणाली होती, ही पेटी तुमच्या कंबरेसाठी आहे, गावाला वाटू नका.

हे शेवटचं तेवढं तिनं पाळलं नाही. पाळणार कशी? कापूस वेचणीचे दिवस होते. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाया संध्याकाळी गल्लीतून येताना कंबरेवर हात ठेवूनच यायच्या. पहिली गेली ती आमची जयवंताबाईच, गुडघा धरून. मी म्हटलं, अहो, मॅडम नको म्हणाली ना. तर मथुराबाईनं मलाच झापलं. घरात पाणी असून शेजारणीला तहानलेलं वाटे लावायचं का, म्हणाली. पुढे रोज संध्याकाळी तिची ओसरी भरायला लागली. एकीचं झालं की दुसरी पाठ करून बसायची. गप्पा, चहा, टवाळ्या. लग्नघर असावं तसा गलका. मी हिशेबात चुकायचो आणि चडफडायचो.

पण विचारल्याशिवाय तिनं कधी कोणाला पॅड लावलं नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. आमच्या गल्लीतल्या चंपतच्या छातीत मशीन आहे, त्याला तिनं हात जोडून परत पाठवलं. शुगरनं पाय बधिर झालेल्या एका म्हातारीलाही नाही म्हणाली, म्हातारीनं शिव्या घातल्या तरी. आणि लेकुरवाळ्या वयाच्या प्रत्येक बाईला ती विचारायची, महिना चुकला नाही ना? विचारायची मोठ्यानं, सगळ्यांदेखत, हसत. एकदा एक नवी सून नुसती नको नको म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली तिच्या बाळासाठी नावं सुचवू लागली. बिचारी कित्येक दिवस घराबाहेर पडली नाही. तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत सून पोटुशी आहे हे घराबाहेर काढत नाहीत. नजर लागते म्हणतात. आता पेटी आमच्या गल्लीत आली आणि पोटुशी बाईला ती चालत नाही हेही सगळ्यांना पाठ झालं. म्हणजे मथुराबाईच्या ओसरीवर नको म्हणणं हे दवंडी पिटण्यासारखंच झालं. ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

तुळजाबाईची सून उत्कर्षा ही गुणी पोर. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं आणि त्यापायी सासूची बोलणी रोज खायची. त्या संध्याकाळी वेचणीहून येताना ती कंबर धरून चालत होती. बायांनी तिला ओढून ओसरीवर बसवलं. मागोमाग तुळजाबाई आली. मथुराबाईनं नेहमीसारखं विचारलं, "महिना चुकला नाई ना वं पोरी?"

उत्कर्षानं मान खाली घातली. उत्तर तुळजाबाईनं दिलं, "कायचं चुकते? लाव तू."

मथुराबाई थांबली. पोरीच्या तोंडाकडे तिनं एकदा पाहिलं, हे मला इथून दिसलं. मग कोणीतरी काहीतरी थट्टा केली, बाया हसल्या, आणि तिनं पोरीच्या कंबरेला पॅडं लावली.

त्या आठवड्यातच उत्कर्षाला रक्तस्राव सुरू झाला आणि तिला आदिलाबादला न्यावं लागलं. मूल गेलं. इतक्या सुरुवातीला पुष्कळ कारणांनी असं होतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुळजाबाई मात्र गावात ऑटोतून उतरली ती थेट गल्लीत उभी राहून बोलायला लागली. मथुराच्या करंटनं माझा नातू जाळला. नातू की नात हे कुणाला ठाऊक होतं? पण तिनं तसं म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत गावानं ते उचललं. ज्या बायांनी महिनाभर तिथं पाठी शेकून घेतल्या, त्यांनीच आता मान फिरवली. एक तर म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. तिला मी दुकानातून हाकललं. गिऱ्हाईक तोडलं म्हणून जयवंताबाई माझ्यावर रागावली, पण मला त्याचं काही वाटत नाही.

मथुराबाई कोणाला उलटून बोलली नाही. मी माल भरायला आदिलाबादला निघालो तेव्हा ऑटोत येऊन बसली. मीही तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. मीनल मॅडमसमोर तिनं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग विचारलं, माझ्यानं झालं का?

मॅडम वयानं लहान आहे, पण तिनं गोड बोलून वेळ मारून नेली नाही. ती म्हणाली, "मावशी, करंटनंच गेलं असं मी म्हणू शकत नाही. नाही गेलं असंही म्हणू शकत नाही. ते कोणालाच कळणार नाही. म्हणूनच अशा वेळी लावायचं नसतं."

"मी इचारलं होतं."

"कोणासमोर विचारलं?"

मॅडम म्हणाली, आम्ही पडद्याआड विचारतो, सासूला बाहेर बसवून, कारण सासूसमोर पोरगी खरं बोलत नाही. हे ती रागानं म्हणाली नाही, उलट तिचाच आवाज पडला होता. मथुराबाई मात्र कानशिलात बसल्यासारखी उठली.

तेव्हापासून तिनं ती पेटी स्वतःच्या कंबरेलाही लावली नाही. तिला तर ती चालत होती, तिच्यासाठीच होती. जयवंताबाईनं समजावून पाहिलं. ती म्हणाली, हात लावावासा वाटत नाही. व्यायामही सोडले. कंबर पुन्हा धरली, पाट्या उचलेनात, वांग्यांत गवत माजलं. मग ती दिवसभर ओसरीवर बसून राहू लागली, भिंतीला पाठ लावून, एकटी. भूषणनं निर्मलला चल म्हटलं तर तिकडेही जाईना. मला वाटतं, ती उत्कर्षाची वाट बघत होती. त्या पोरीच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं तिला, तू मारलंस किंवा नाही मारलंस. दुसरं कोणी सांगून तिला पटणार नव्हतं.

पोर आली, पण उन्हाळा लागल्यावर. भर दुपारी, तुळजाबाई माहेरच्या लग्नाला गेली होती तेव्हा. आधीच बारीक होती, आता पदराआड नुसती हाडं. ती मथुराबाईच्या पायापाशी बसली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी दुकानात होतो, हे दोघींनाही माहीत असणार, पण दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

"मावशी, मले माहीत होतं," उत्कर्षा म्हणाली. "आत्याबाईलेबी माहीत होतं. घरून निघतानाच बजावलं होतं, कोणापाशी बोलायचं नाई म्हणून. बाया मले ओढून राह्यल्या होत्या, अन् नाई म्हटलं असतं तं सगळ्याइले समजलं असतं."

मी हातातला तराजू खाली ठेवला. म्हणजे सासूला ठाऊक होतं आणि तरी तिनं गावभर ही बोंब मारली. मला वाटलं, आता मथुराबाई सुटली. आता ती उठेल, मी चार माणसं बोलावीन आणि तुळजाबाई आली की तिच्या तोंडावर हे सांगू.

मग पोरीनं विचारलं, "मी तवा नाई म्हटली असती तं ते राह्यलं असतं का, मावशी?"

मथुराबाईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "नाई राह्यलं असतं. ते जाणारच होतं, पोरी. दवाखान्यातल्या मॅडमनं मले तसं साफ सांगतलं. तुह्यानं काई नाई झालं."

उत्कर्षा इतकी रडली की मला दुकानाच्या आतल्या बाजूला जावं लागलं. पुन्हा बाहेर आलो तेव्हा ती निघाली होती. जाताना तिनं ओसरीवरची चुलीची विखुरलेली लाकडं एका बाजूला रचून ठेवली. चालताना तिची मान थोडी वर होती, किंवा मला तसं वाटलं.

मी गल्ली ओलांडून गेलो. म्हटलं, आता गप्प बसू नका, सगळ्यांसमोर सांगा, मी साक्षीला उभा राहतो. ती म्हणाली, अन् मग त्या घरात पोरीनं कसे दिवस काढायचे? तुमी एक अक्षर बोलायचं नाई. मी शब्द दिला. तुळजाबाई आजही माझ्या दुकानात साखर घेताना मथुराबाईच्या नावानं बोलते, समोर ओसरीवर ती ऐकत असते, आणि मी दात आवळून साखर तोलतो, ते या शब्दापायी.

पण त्या दुपारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, मॅडम असं म्हणाली नव्हती, मी तिथंच होतो.

"माहीत हाय, भाऊ," ती म्हणाली. "पण तिले तं झोप लागली पाह्यजे. मी जागी राह्यली तं चालते."