हलगीशिवाय नाचणारा घोडा

हलगी खुंटीला अडकवलेली होती. ती वाजवणारे मोईन उस्ताद बशीतून चहा पीत होते. आणि घोडा नाचत होता.

"बघा म्याडम," आबा म्हणाले. "आपोआप. सांगायचं काम न्हाई, वाजवायचं काम न्हाई."

मी तबेल्याच्या दारातच थबकले. घोडा डावीकडे झुकायचा, मान तिकडे फेकायचा, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. दोन-तीन पाहुणे मोबाईल धरून उभे होते. एकजण शिट्टी मारत होता. मी मात्र घोड्याचे पाय बघत होते.

मी जनावरांची डॉक्टर. नेकनूरच्या आसपास बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. रोजचं काम गाई-म्हशींचं, घोडा क्वचित. आबांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की गुलालच्या पुढच्या उजव्या पायाला सूज आलीय आणि प्रदर्शन दोन-तीन महिन्यांवर आलंय. आबा या भागातले मोठे बागायतदार. पंचायत समितीवर निवडून आले तेव्हा त्यांनी हा घोडा घेतला, म्हणून त्याचं नाव गुलाल. रंगानं पांढराशुभ्र. कान इतके डौलदार की ताठ केले की टोकाला टोक भिडतं. आबांचा जीव त्याच्यावर, आणि तो जीव खोटा नव्हता हे आधीच सांगते. पुढचं वाचताना तुम्हाला त्यांचा राग येईल, मलाही आला होता.

"कधीपासून नाचतोय हा असा?" मी विचारलं.

"झालं की सहा-सात महिने. आदुगर थोडं थोडं. आता दिवसभर नाचायलाय. झोपंतबी डुलतो बघा!"

"आणि बाहेर कधी सोडता?"

"सकाळी तालीम असती ना. उस्ताद हलगी वाजवतेत, तो नाचतो. मंग आत."

"तालमीशिवाय. नुसतं मोकळं. टर्नआउट म्हणतात त्याला. दावं न लावता हिंडू-फिरू देणं, लोळू देणं."

आबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पोराला हायवेवर खेळायला सोडा म्हणाले होते.

"मोकळं कावून सोडायचं? जखम झाली म्हंजी?"

आत गेले. इतकी मऊ खोली मी जन्मात पाहिली नव्हती. चारी भिंतींना फुलाफुलांच्या खोळीच्या कापसाच्या गाद्या ठोकलेल्या. खाली रबराची मॅट. वर पंखा, कोपऱ्यात कूलर. माझ्या घरात कूलर नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध गुलाल, मागच्या पायांना पिछाडीचे दोर, तोंडाला दोन्ही बाजूंनी अगाडीचे. अगाडी जरा ढिली होती. तेवढ्याच ढिलाईत त्याचं डोलणं चाललं होतं. पुढच्या दोन्ही खुरांखाली मॅटला खड्डे पडले होते. रबराला खड्डे! मी बोट घालून पाहिलं, खालची फरशी लागली.

पाय तपासला. घोट्याच्या मागे टेंडन असतं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी जाड पट्टी. आपल्याकडे लोक तिलाच नस म्हणतात. ती गरम होती, सुजलेली होती. दाबली तसा गुलालनं पाय उचलला आणि खाली टेकताच पुन्हा डोलायला लागला. दुखऱ्या पायावर सगळा भार टाकत होता आणि तरी थांबत नव्हता. जनावर दुखलं की हालचाल कमी करतं, हा साधा नियम. इथे तो चालत नव्हता.

"आबा, हा नाच नाही. याला वीव्हिंग म्हणतात. बंदिस्त घोड्याला लागणारी खोड आहे. मन मारून मारून होते."

"म्याडम, तुमी गाई-म्हशीच्या डाक्टर," आबा हसत म्हणाले, पण चिडले होते. "नाचातलं तुमाला काय कळतंय? लोकं लांबून लांबून येतेत याला बघायला."

बोलून उपयोग नव्हता. मी उस्तादांकडे वळले. मोईन उस्ताद म्हणजे घोड्यांना हलगीवर नाचवायला शिकवणारे. तीन पिढ्यांचं काम. आपोआप नाचणारा घोडा तयार केला म्हणून त्यांचं नाव चारी बाजूंना झालं होतं.

"उस्ताद, हलगी घ्या. संथ वाजवा."

त्यांनी वाजवली. घोडा डोलत राहिला.

"आता घाईची."

घाईची लावली. पाहुण्यांच्या माना हलायला लागल्या, माझा पाय हलायला लागला. गुलाल मात्र त्याच्याच गतीनं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. हलगीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. उस्तादांनी ठेका बदलला, परत बदलला, शेवटी सम सोडून वाटेल तसं बडवलं. घोडा तसाच.

उस्तादांचे हात थांबले. "याला ऐकूच येईना झालंय का?" ते हळूच म्हणाले. "तालमीत तर माह्या बोटाबोटावर पाय टाकतो हा."

"ऐकू येतं. पण आत्ता तो इथं नाहीच, उस्ताद."

शिट्टी मारणाऱ्यानं मोबाईल खिशात घातला. आबा गाद्या ठोकलेल्या भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी मला आधीच्या घोडीची गोष्ट सांगितली. ती रोज मोकळी असायची. एकदा कशाला तरी बुजली, पळाली आणि शेजारच्या काटेरी तारेत शिरली. छातीपासून पोटापर्यंत फाटली. जगली, पण प्रदर्शनात तो व्रण बघून तिला ओळीतून बाजूला काढलं. "तवाच ठरिवलं," आबा म्हणाले, "पुढच्याला ओरखडाबी येऊ द्यायचा न्हाई."

हे ऐकून माझा राग निम्मा उतरला. ती भीती खरी होती. आमच्याकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात विहिरी, तारा, मोकाट कुत्री. महिनोन् महिने बांधलेला घोडा एकदम रानात सोडला तर तो वेडापिसा पळतो आणि दहा पावलांत पाय मोडून घेतो. म्हणजे बांधला तर कुजणार आणि सोडला तर फुटणार. डॉक्टरचं काम या दोन्हींच्या मधली जागा शोधायचं.

"सोडलं आन पाय मोडला, तर जबाबदारी कुणाची?" आबांनी विचारलं.

"माझी. पण बांधून ठेवलात तर ही नस जाणार, आणि त्याला जबाबदार तुम्ही."

कबूल झाले. मनातून नव्हे, पण झाले.

पिछाडी त्याच दिवशी काढली. सूज उतरेपर्यंत गार पाण्याची धार आणि उस्तादांनी हातात धरून सावकाश चालवणं, बस. तोवर आबांनी तबेल्याच्या मागे वाडगं उभारलं, मी सांगितलं तसंच. तारेचा तुकडा नाही. गोल लोखंडी पाइप, त्याला हिरवी शेडनेट, म्हणजे कुंपण घोड्याला लांबून दिसतं. कोपरा कुठेच नाही, कारण बुजलेला घोडा कोपऱ्यातच अडकतो. खाली मुरूम आणि त्यावर वाळू. जागा फिरता येईल एवढी, भरधाव सुटता येणार नाही एवढी. पुढच्या पायांना पट्ट्या. आणि सोबतीला एक शेळी.

"शेळी?" आबा ओरडले. "माह्या घोड्याजवळ शेळी? लोकं काय म्हणतील बे?" ते 'बे' जवळ उभ्या गड्याला होतं, पण बोलणं मला उद्देशून होतं.

"एकटा राहिला की परत डोलेल. घोडी आणाल तर उड्या मारेल. शेळीच बरी."

पहिल्यांदा सोडला तेव्हा आबा बघायला थांबले नाहीत. आत जाऊन बसले. गुलाल थोडा धावला, घसरला, सावरला. मग त्यानं वाळू हुंगली, गुडघे टेकले आणि चारी पाय वर करून लोळला. उठून अंग झाडलं आणि परत लोळला. उस्ताद रडत होते. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

हळूहळू वेळ वाढवला. सूज गेली. डोलणं आधी कमी झालं, मग फक्त खुराकाच्या वेळेला, मग तेही थांबलं. मी खूश होते. आणि एका दुपारी आबांचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"म्याडम, लवकर या. घोडा बिघडला."

गाडी कशी चालवली माझं मला माहीत. पोहोचले तर गुलाल शेळीशेजारी उभा राहून कडबा खात होता.

"काय झालं?"

"नाचंना. पाव्हणे आलते मुंबईहून. घंटाभर उभे ऱ्हायले. नुसता उभाय. म्याडम, म्हंजी एक सुचवू का? आठ दिवस परत बांधून बघू का, नाच येतो का ते?"

मी आबांच्या वयाचा, मानाचा विचार न करता ओरडले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला धक्का त्यांच्या वाक्याचा नव्हता, त्यांच्या चेहऱ्याचा होता. त्यांना खरंच वाटत होतं की मी घोड्यातून काहीतरी काढून घेतलं.

मध्ये पडले उस्ताद. काही न बोलता हलगी घेऊन आले आणि वाडग्याबाहेर उभे राहून वाजवायला लागले. गुलालनं कान टवकारले. कडबा टाकला. आणि नाचला. संथाला संथ, घाईला घाई. हलगी थांबली तसा थांबला आणि परत खायला गेला.

"हा नाच," उस्ताद म्हणाले. "ते न्हवतं आबा. मलाबी कळलं न्हवतं, कसम खुदाची."

आबांनी मान डोलावली. दोर परत लागले नाहीत.

प्रदर्शनाला गुलाल दुसरा आला. पाइपला घासून खांद्यावर बोटभर ओरखडा उठला होता, तो परीक्षकांना दिसलाच. "त्यो नसता तर पयला व्हता," आबा म्हणाले, पण हसून. मला फेटा बांधला, पेढे दिले. गोष्ट इथे संपायला हवी होती.

फेटा सांभाळत मी राहुट्यांच्या मागून गाडीकडे निघाले होते. तिथे बाहेरगावचे घोडे बांधले होते. एका राहुटीसमोर गर्दी, शिट्ट्या, मोबाईल वर धरलेले. हलगीचा आवाज कुठेच नव्हता. मी गर्दीत शिरले. एक काळा घोडा, जेमतेम तीन वर्षांचा, अगाडी-पिछाडीत बांधलेला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पलीकडच्या राहुटीत एक घोडी, तीही तशीच.

मालक तरुण होता, उत्साही. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं.

"कसा शिकवला हो?"

"सोपं हाय ताई. एका आबांचा घोडा हाय तिकडं, त्याचा व्हिडिओ बघून आमी भेटाया गेलतो. त्यांनीच सांगितलं. गाद्या लावायच्या, दोर सोडायचा न्हाई. महिनाभर टापा आपटतो, चिडतो. मंग गप हुतो. मंग आपोआप लागतो नाचाया. ह्यो तर लई लवकर लागला!"

मी तशीच मागे फिरले. आबांना गाठलं आणि तो मालक काय म्हणाला ते सांगितलं.

"आदुगर सांगितलतं, म्याडम. तवा मला तरी कुठं ठाऊक व्हतं? नंतर घरोघर फोन लावले की. सोडा म्हणलं, रोग हाय म्हणलं. तर म्हणतेत, आबा, तुमचं नाव झालं, आता दुसऱ्याचं हुऊ दीना व्हय?"

त्या दिवशी मी त्या काळ्या घोड्याची नस दाबून पाहिली. गरम होती. मालकानं औषध लिहून घेतलं, आणि दोर सोडायचं म्हटल्यावर हसला.

वीव्हिंग एका घोड्याचं दुसऱ्याला लागतं का, असं मला हल्ली बरेचजण विचारतात. मी सांगते, घोड्याला घोड्याकडून लागल्याचं मी पाहिलेलं नाही. मालकाला मालकाकडून लागतं, आणि फार लवकर लागतं.