शेवंतीचं सूप

ह्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यात दर दीड महिन्याला इंजेक्शन घ्यायला आम्ही लीड्सच्या हॉस्पिटलात जायचो आणि तिथले डॉक्टर दर वेळी "स्टेबल आहे" म्हणायचे. स्टेबल म्हणजे काय, ते आम्हाला सांगायला नको. हे सर्जन, मी भूल देणारी डॉक्टर. जन्मभर लोकांच्या नातेवाइकांना हाच शब्द देत आलो. त्या एका डोळ्यावर ह्यांचं वाचन होतं, दाढी होती, भिंत न चाचपता जिना उतरणं होतं. तो मला वाचवायचा होता आणि हातावर हात धरून बसणं मला कधी जमलेलं नाही.

शेजारी हाँगकाँगहून आलेल्या एक बाई राहतात. डोळ्यांसाठी त्यांची आई करायची ते सूप त्यांनी मला शिकवलं. वाळलेली शेवंती, लाल गोजी बेरी, सुकवलेली बोरं आणि कुठल्याशा कंदाच्या पांढऱ्या चकत्या, मंद आचेवर दोन तास. बाई त्यात डुकराची कलेजीही घालतात. मी ती वगळली आणि तूप-जिऱ्याची फोडणी दिली. शेवंतीला फोडणी! बाईंनी ते पाहून डोळेच मिटून घेतले.

"मिस्टर कुठल्या गोळ्या घेतात का?" त्यांनी विचारलं होतं. मी हसले. म्हटलं, "आम्ही दोघंही डॉक्टर आहोत." बिचाऱ्या ओशाळल्या.

हे वॉरफरिन घेत होते. हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ ठेवावं लागतं, आणि काही झाडपाल्याने त्या गोळीचा जोर वाढतो. कुठल्याही ऑपरेशनआधी मी पेशंटला न चुकता विचारायची, "एनी हर्बल रेमेडीज?" लोक लपवायचे, "साधा चहाच तो" म्हणायचे, आणि मी बाहेर येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायची. पण माझ्या ओट्यावर, माझ्या पातेल्यात, फोडणी देऊन शिजतं ते औषध असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ह्यांच्याही नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथे तर एकाच घरात दोन अतिशहाणे.

पाच आठवडे रोज एक वाटी. हे म्हणायचे, "आज जरा स्वच्छ वाटतंय." मी लगेच दुसरी वाटी पुढे करायची. रक्त वर्षानुवर्षं एका मापात होतं, म्हणून पुढची तपासणी लांब होती.

एका सकाळी चहा घेताना हे शांतपणे म्हणाले, "अगं, तुझा चेहरा दिसत नाहीये. कडेकडेचं दिसतंय." डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात तपासलं, तर रक्त नको तितकं पातळ झालेलं.

तिथली डॉक्टर आमच्या मुलीपेक्षाही लहान होती. तिने तोच प्रश्न विचारला, जो मी हजारदा विचारला असेल. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हो, एक चायनीज सूप घेत होतो. माय आयडिया एन्टायरली. माझी बायको नको म्हणत होती." तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, रक्तस्राव एरवीही झाला असता, खात्रीने काही सांगता येत नाही. असं आम्हीही सांगायचो.

मला ह्यांचा भयंकर राग आला. मला वाचवायला कुणी सांगितलं होतं? तरी ह्यांचा कोट मांडीवर घेऊन मी गप्प बसून राहिले. घरी आल्यावरही त्याबद्दल बोलले नाही आणि आज दोन वर्षांनीही बोललेले नाही. हेही कधी विषय काढत नाहीत. मी काय करते आहे, असं आत्ता ह्यांनी खुर्चीतून विचारलं. यादी करतेय, म्हटलं. टेबलावर ह्यांच्यासमोर कागद उघडा टाकून मी हे सगळं लिहिते आहे आणि तो लपवावा लागत नाही.