उपरण्याखालचा भाव

माझे मामेसासरे जन्मभर बोटांनी बोलले. तोंड त्यांनी फक्त जेवणासाठी आणि देवाचं नाव घेण्यासाठी राखून ठेवलं होतं. सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, ते कापसाचे दलाल होते आणि त्या काळी मोंढ्यात भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. गाडीपाशी उभं राहायचं, खांद्यावरचं उपरणं समोरच्याच्या हातावर टाकायचं आणि त्याखाली त्याची बोटं धरायची. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. भोवती चाळीस माणसं उभी असली तरी त्या दोघांवाचून कुणाला पत्ता लागत नसे. मामा आधी कापूस घेणाऱ्या जिनिंगवाल्याची बोटं धरत, मग शेतकऱ्याची, पुन्हा जिनिंगवाल्याची. असे दोन-चार हेलपाटे झाले की मान हलवत आणि सौदा पटे. या सगळ्यात त्यांचा चेहरा असा असे, की उपरण्याखाली भाव चढतोय की कुणी त्यांचा हात चेपून देतंय, हे बघणाऱ्याला कळू नये.

सवय मोंढ्यात ठेवून घरी येणाऱ्यांतले ते नव्हते. वैद्यबुवा नाडी बघायला आले की मामा त्यांचीच बोटं धरत; मग वैद्यबुवांना हात सोडवून घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. एकदा एका व्यापाऱ्याचे वडील वारले म्हणून मामा समाचाराला गेले. शेजारी बसले, हात हातात घेतला, उपरणं ओघानंच वर पडलं. मामांनी दुःखानं बोटं दाबली. तोही मोंढ्यातलाच गडी. डोळ्यांत पाणी, नाक लाल, आणि त्या अवस्थेत त्यानं दोन बोटं आखडून घेतली. मामांनी एक वाढवलं. दोघंही एकदम दचकले तेव्हा चार गाड्या कापसाचा सौदा होऊन गेला होता. बोटाचा शब्द मागे घेता येत नाही, म्हणून तेराव्यानंतर त्या गाड्या खरोखरच रवाना झाल्या. भाजीबाजारात मात्र मामांची पार पंचाईत होई. बाईमाणसाचा हात धरायची सोय नाही आणि तोंडानं भाव करणं म्हणजे त्यांना भर चौकात धोतर सोडल्यासारखं वाटे. माळीण सांगेल ते देऊन, देईल ती वांगी घेऊन ते घरी येत आणि मामींचं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेत.

मी तेव्हा शाळेत शिकवीत होतो. अक्षर बरं, म्हणून व्यापारी मंडळानं मला चिटणीस करून टाकलं. सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि स्टेशनच्या रस्त्यावरच्या काळ्या फळ्यावर दर आठवड्याला बातम्या लिहायच्या: कुणाचं जिनिंग सुरू झालं, कुणाच्या दुकानाचा मुहूर्त आहे, सभा कधी आहे. फळ्याच्या तळाशी ‘आजचा भाव’ असा रकाना मी हौसेनं आखला होता. तो कायम कोरा राही. मला मुळात दुसऱ्यांच्या भानगडींत नाक खुपसायची खोड. त्या उपरण्याखाली काय चालतं या विचारानं माझा जीव खालीवर होई. मामांनी मला बोटांची सगळी भाषा शिकवली, ओसरीवर बसवून, माझ्या हातावर उपरणं टाकून. पण झालेल्या सौद्याचा एक भाव सांगतील तर शपथ. मामींना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमच्या दोन पोरी उजवल्या, पण त्यांच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा काय ठरलं ते मला व्याह्यांकडूनच कळलं. फारच मागे लागलो तेव्हा मामा एवढंच म्हणाले, “जावईबापू, फडक्याखाली दोघं असतेत. तिसऱ्याला सांगितलं तर उद्या माझ्या हातात हात कोन देईल?”

पण राज्य बदललं होतं. निजामाचा शिक्का गेला, शाळेतली उर्दू गेली, आणि लोक पूर्वी विचारत नसत ते विचारू लागले. फडक्याखाली आमचा भाव कोण ठरवतंय, असं शेतकरी उघड म्हणू लागले. काही गाड्या देवगाव फाट्यावरूनच दुसऱ्या बाजाराकडे वळू लागल्या, तेव्हा मंडळानं घाईघाईनं सभा घेऊन ठराव केला: येत्या दिवाळीच्या पाडव्यापासून उघडी हर्राशी, म्हणजे लिलाव, भाव मोठ्यानं पुकारायचा. आणि पहिली हर्राशी मामांनीच पुकारावी, कारण ते पुकारतील तरच शेतकरी भरवसा ठेवतील. सगळे मामांकडे बघू लागले. मामा सतरंजीकडे बघत राहिले. घरी येताना मला म्हणाले, “भाव तोंडातून निघाला की त्यो समद्यांचा झाला. मंग माझं काय काम ऱ्हाईलं?” मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं.

तरी मंडळाचा शब्द त्यांनी मोडला नाही. पाडव्याच्या आधी आठ दिवस रोज सकाळी परसात म्हशीपुढे उभे राहून ते भाव पुकारायचा सराव करीत. म्हैस ढिम्म. मामी चुलीपासून सांगत, ऐकू येईना हो अजून.

पाडव्याला मोंढ्यात मांडव पडला, नारळ फुटले. तहसीलदारसाहेबांनी मामांपुढे हात केला. मामांनी सवयीनं त्यावर उपरणं टाकलं, आणि साहेब पुढे भाषणभर मधूनमधून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. पहिली गाडी वालूरची होती, एका विधवा बाईची. दरवर्षी तिचा कापूस तिचा दीर घेऊन यायचा, मामांच्या हातात हात द्यायचा आणि पैसे घेऊन जायचा. यंदा दीर तापानं पडला म्हणून ती स्वतः आली होती. पदर डोक्यावरून ओढून ती चाकाला धरून उभी होती.

मामांनी पहिला भाव पुकारला तो शेजारी उभ्या मलासुद्धा ऐकू आला नाही. मागून लोक ओरडले, मोठ्यानं. मामांच्या मानेच्या शिरा ताणल्या, आणि मग आवाज फुटला. जिनिंगवाले चढत गेले, मामा पुकारत गेले. शेवटचा भाव तीनदा पुकारून झाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र जागची हलली नाही.

“मामा,” ती म्हणाली, “मागल्या साली काय भाव झाला व्हता?”

मामांनी गाडीकडे पाहिलं.

“दीर दरसाली म्हनतो, तुजा माल हलका हाय, भाव येत न्हाई. रान त्येच, बी त्येच. मंग यंदाच कसा काय आला?”

ती काय विचारते आहे ते सगळ्यांना समजलं होतं, आणि उत्तर मामांकडे होतं. मामांनी गाडीतला कापूस चिमटीत घेतला, धागा ओढून पाहिला. उपरणं खांद्यावर दोनदा सारखं केलं. जन्मभर पाळलेली गोष्ट मोडायची की नाही, हे तिथंच, चारचौघांत ठरत होतं.

“माल हलका नव्हता, बाई,” ते म्हणाले. “कदीच नव्हता.”

आणि त्यांनी गेल्या पाच सालांचे पाच भाव, एकेका सालाचं नाव घेऊन, म्हशीपुढे कधी साधला नव्हता अशा आवाजात सांगितले. माझ्या हातात वही होती. इतकी वर्षं ज्यासाठी तडफडलो ते कानावर पडत होतं, आणि मला एक अक्षर लिहावंसं वाटलं नाही. बाईनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि नुसती मान हलवली.

जुने व्यापारी मामांवर बरेच दिवस नाराज होते. वालूरचा दीर ताप उतरल्यावर येऊन दारात वाटेल ते बोलून गेला. मामांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर त्यांनी कपबशी उचलून आत ठेवली. मग मला म्हणाले, “पाच सालं ह्याचा हात धरला, जावईबापू. सौद्याला हात लय इमानी होता. हाताच्या मागं गाडी कुनाची हाय, ते मी कदी बघितलंच न्हाई.”

त्यानंतर ते आठ-नऊ वर्षं हर्राशी पुकारीत होते. आवाज कधी सुधारला नाही. पण गाडीपाशी बाई उभी असली की ते शेवटचा भाव पुकारून झाल्यावर खाली उतरत, तिच्यापाशी जात आणि तिला तो पुन्हा एकदा, सावकाश सांगत. कुणी घाई केली तरी थांबत नसत.

आता मोंढ्यात भोंग्यावर भाव पुकारतात, तो पार स्टेशनापर्यंत ऐकू जातो. मामा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी अजूनही कधी तिकडून गेलो आणि एखादी बाई गाडीपाशी उभी दिसली, की जरा थांबतो. तिला दुसऱ्यांदा कुणी सांगायला येतं का, ते बघत उभा राहतो.