कोरडी नळी

परवा बायकोने टाचांच्या मलमाची डबी उघडली आणि त्या लोकरीसारख्या वासाने मला माझ्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी भागीदाराच्या, बरका गावातल्या घरी नेलं. तिथल्याच गाला औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या लेथच्या कारखान्याचा परवाना संपत आला होता, त्याची सही हवी होती, आणि तो मला तासभर ताटकळत ठेवून आपल्या रायफलची रिकामी काडतुसं पुन्हा भरण्यासाठी तयार करत होता. प्रत्येक पितळी नळीला बोटाने त्याच वासाचं ग्रीस लावायचं, मग प्रेसचं हँडल ओढून ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणायची. "बैठा क्या है? यल्ला, हँडल मार," तो म्हणाला. रागाच्या भरात मी एक नळी कोरडीच घातली. ती आत गच्च अडकली आणि ओढताना तिची कडच तुटून आली. तो हसला, "ग्रीस डब्बे में, गुस्सा हाथ में! पहले निकाल, बाद में साइन." मी डाय कारखान्यात नेला, नळीला भोक पाडून आटे कापले आणि बोल्ट पिळून ती ओढून काढली, डायला ओरखडासुद्धा नाही. सही मिळाली. पण पुढे प्रत्येक बैठकीत तो माझी चूक रंगवून सांगायचा, नळी मी कशी सोडवली ते कधीच नाही. आता धंदा माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तरी तो राग गेलेला नाही. ताटकळत त्याने ठेवलं हे खरं. हँडल मात्र मीच ओढलं होतं.