भुलाबाईचा खाऊ आणि झाकणं उघडणारी पोरगी

माझ्या धाकट्या जावेची मुलगी कुणाच्याही घरात शिरली की आधी सयपाकघर गाठायची. बैठकीत कोण बसलंय, कोण आजारी आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. थेट चुलीपाशी. एकेक झाकण उचलायचं, आत बघायचं, असेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि झाकण पुन्हा बराबर बसवायचं. "पिठलं." खण्ण. "भात." खण्ण. आमच्या शेजारणीचं एक पातेलं पोचलेलं होतं. त्याचं झाकण काही केल्या नीट बसेना, तर पोरगी तिथंच अडकून बसली. शेवटी शेजारीण कावली, "घिऊन जा बाई हे पातेलं तुमच्याच घरी, पण पोरीला उठवा."

पातेलं काही आम्ही आणलं नाही. पोरगीच कशीबशी आणली.

नव्वदनंतरची ही गोष्ट. तिचं बोलणं तेव्हा एवढंच : दिसेल त्या वस्तूचं नाव, नाहीतर आपण म्हणू त्यातला शेवटचा शब्द. "चहा पिती का?" विचारलं की "का." "जेवली?" की "जेवली." पोट रिकामं असलं तरी "जेवली." मला ती नुसतं "मोठी" म्हणायची. मोठी आई म्हणायला आम्ही शिकवलं होतं, पण माझ्या अंगाकडं बघून अर्ध्यातच तिचं समाधान झालं असावं.

गावात ज्याला जे सुचेल ते तो सांगायचा. कुणी म्हणे लाडावली, कुणी म्हणे दृष्ट लागली. माझे दीर शाळेत मास्तर, ते तिला घेऊन औरंगाबादेला मोठ्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, असं दिरांनी घरी येऊन समजावलं. शब्द छान आहे, माझी तक्रार नाही. पण मी म्हटलं, "भाऊजी, ही कुठली स्वतःत मग्न? ही तर साऱ्या गल्लीच्या पातेल्यांत मग्न हाये."

दीर हसले. जाऊ हसली नाही.

तिचं हसणं तसं कमीच झालं होतं. लग्नाला निघताना कुणी म्हणालं, "पोरीला कशाला नेता, तिथं गर्दी," की ती म्हणायची, "बरं." बारशाचं बोलावणं आलं आणि वर "एकटीच ये" असं आलं, तरी "बरं." पोरीला ठेवून ती जायची नाही, म्हणजे दोघी घरातच. हळदीकुंकवाला आमच्या घरातून मी एकटीच जायची आणि दोघींचं वाण घेऊन यायची. वाण घेताना बायका विचारायच्या, "धाकटी बरी हाये ना?" मी म्हणायची, "बरी हाये." दुसरं काय सांगणार?

तर अशात भुलाबाईचा महिना आला. आमच्या भोकरदनकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. मुलींनी आतला खाऊ ओळखायचा. ती डबा हलवून दाखवते, या नावं घेतात, आणि ओळखला नाही तर "हरलो" म्हणावं लागतं. आता मुलींना हरवून आम्हा बायकांना काय मिळत असेल, पण त्यासाठी आम्ही काय काय करायचो! मी तर एकदा लाडू पंच्यात गुंडाळून ठेवले होते, खुळखुळ ऐकूच येऊ नये म्हणून.

माझी मुलगी तेव्हा त्या टोळीची पुढारी. तोंडानं माझ्यावर गेलेली. पहिल्या दिवशी तिनंच चुलतबहिणीला हाताला धरून नेलं. पहिल्या घरी गाणी चालू असताना पोरगी उठली, आत गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "शंकरपाळे." सगळ्या हसल्या. दुसऱ्या घरी, "चिवडा." थोड्या हसल्या. तिसऱ्या घरच्या बाईनं डबा कपाटात घालून कुलूप लावलं, तर पोरगी कपाटावर डोकं आपटून रडायला लागली. गाणी तिथंच राहिली.

"आई," माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "पोरी म्हणून राह्यल्यात, ती येणार असंल तर आम्ही येत न्हाई."

"मंग?"

"मंग काय, काकू, तिला उद्यापासून पाठवू नका."

जाऊ भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं."

त्या "बरं"चा मला लई राग आला. आता हा महिनाही घरात गेला तर मायलेकी दोघी कायमच्या आत, हे मला दिसत होतं. गावात कुणी कुणाच्या चुलीपर्यंत जायचं याचे नियम आहेत. कुणी ते लिहिलेले नाहीत, पण सगळे पाळतात. ते न पाळणारी ही एकच, आणि तिलाच दार लावायचं?

दिरांनी शाळा लावली. तोंडावर बोट ठेवून गप्प बसायचं, असा धडा. चार दिवस बापलेक समोरासमोर तोंडावर बोट ठेवून बसलेले. मग परीक्षा म्हणून मी डबा उघडून दाखवला. पोरीनं शहाण्यासारखं ओठांवर बोट ठेवलं आणि बोटाआडून म्हणाली, "फुटाणे."

दीर म्हणाले, "वहिनी, अर्धा धडा तर बराबर आला."

पुढं आमच्या घरची पाळी आली. मी धपाटे केले होते. पोरगी डबा भरताना शेजारीच होती, आणि झाकण लागल्यापासून तिची नजर त्यावरून हलेना. मुलींची गाणी संपली, मी डबा घेऊन निघाले तशी तीही पदराला धरून आली. मी म्हटलं, घे बाई, तूच धर. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. जाऊ आतल्या दारात, तोंडात पदर.

मुलींनी सुरुवात केली. "लाडू?"

"लाडू," पोरगी म्हणाली.

"ओळखला!" मुली ओरडल्या. मी मान हलवली. "न्हाई."

"करंज्या?" "करंज्या." "चिवडा?" "चिवडा." "खोबऱ्याच्या वड्या?" "वड्या."

चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलेना. माझ्यासारखी लबाडीत मुरलेली बाईसुद्धा कुठंतरी हसून फसते, ही बिलकुल फसेना. माझी मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं, पण तू खरं कवा सांगून राह्यली?"

"राह्यली," पोरगी म्हणाली.

शेवटी सगळ्या "हरलो" म्हणाल्या. तिनं झाकण उघडलं. "धपाटे." मुलींनी असा काही टाळ्यांचा कडकडाट केला की तिनं डबा सोडून कान दाबून धरले. धपाटे जमिनीवर. लाडू असते तर भुगा झाला असता, माझे धपाटे फुटत नसतात. पण पोरगी भिंतीशी बसून कण्हायला लागली, तशी माझी मुलगी टोळीवर खेकसली, "टाळ्या बंद! गप खावा!" आणि गावातली ती सगळ्यात गोंगाटाची टोळी कुजबुजत जेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारीण हजर, ती पोचलेल्या पातेल्याची.

"आज आमच्याकडं भुलाबाई. पोरीला जरा आधीच पाठवा. डबा तिच्याच हातात देते. मागच्या साली पोरींनी मला पहिल्याच झटक्यात हरवलं व्हतं."

जाऊ म्हणाली, "ती एकटी न्हाई बसायची."

"मंग तू ये की! का तुला वाजतगाजत न्यायला येऊ?"

जावेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जा. भाकरी मी बघते." ती आत गेली, ठेवणीतलं पातळ नेसून आली आणि उंबऱ्यात उगाच उभी राहिली. पोरीनंच हात ओढला, कारण तिला शेजारणीच्या सयपाकघराची घाई.

त्यानंतर बहुतेक घरी तसंच झालं. सगळ्या घरी नाही. एका बाईनं सयपाकघराची कडी शेवटपर्यंत काढली नाही. तिच्या घरी मुली लगेच जिंकायच्या आणि जिंकल्याचं तिला तोंडावर ऐकवायच्या. एका घरी कुकरच्या शिट्टीनं पोरगी अशी बिथरली की दोघी खेळ अर्ध्यातच सोडून परत आल्या. जाऊ त्या दिवशी रडली. पण दुसऱ्या दिवशी गेली. डबा भरताना मायलेकी त्या त्या घरच्या चुलीपाशी बसायच्या, आणि ज्या बायका नुसतं "धाकटी बरी हाये ना?" विचारायच्या त्या आता तिच्याशीच बोलत बसायच्या. घरी यायला रोज उशीर. माझ्यासाठी तिच्याजवळ गावभराच्या बातम्या असायच्या, त्यातल्या निम्म्या मला ठाऊक नसायच्या, हे जरा जास्तच झालं.

कोजागरीला शेवटची भुलाबाई होती. शेजारणीकडं सगळ्या जमणार होत्या. मीही डोक्याला तेल लावून, चांगलं पातळ नेसून तयार झाले आणि जावेला म्हटलं, "चल, आज मी बी येते."

"तुम्ही कशाला?" ती पोरीची वेणी घालता घालता म्हणाली. "घरचं दूध मंग कोण आटवल? आन् बाई, जरा हलवत ऱ्हावा, खाली लागू देऊ नका. आम्हाला यायला वेळ होईल."

आणि गेल्या की दोघी. मी नव्या पातळात दूध हलवत बसले.