झाकणाआतला कागद

सुजाता मेश्राम माझ्या लक्षात आली ती आठवीत असताना. शाळेची विजेची घंटा बंद पडली होती आणि शिपाई स्टुलावर उभा राहून तिला चापट्या मारत होता. सुजाता वर्गातून उठून माझ्याजवळ आली.

"मॅडम, मारू नका म्हणा. झाकण खोला, आत कागद असते."

आत खरंच घडी केलेला कागद होता, त्यावर तारांची आकृती. घंटा दुरुस्त केली इलेक्ट्रिशियननं, पण कागद असतो हे तिलाच ठाऊक होतं. तिचे वडील प्रेमानंद पोलादाच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या विभागात होते. तिथं पॅनलच्या दाराला आतून एक खिसा असतो आणि खिशात त्या पॅनलचा नकाशा. पुढच्या पाळीच्या माणसाला आधीच्या पाळीवाल्याला शोधत फिरावं लागू नये, म्हणून.

पुढे मी हिंदीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. एके दिवशी सुजाता स्मृति नगरला माझ्या घरी आली. पॉलिटेक्निक करून ती एका वर्कशॉपमध्ये नोकरी करत होती, आणि रिसाली भागातल्या वडिलांच्या घरातल्या मागच्या खोलीत प्रोग्राम लिहिणाऱ्या दुर्गच्या समीरबरोबर हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र बनवत होती. मागे चार पेच, म्हणजे स्क्रू. कुणीही खोलावं, बॅटरी बदलावी, स्वतः लिहिलेला खेळ मेमरी कार्डावर टाकून चालवावा. आत घडी केलेला कागद होताच. त्यावरची हिंदी मी तपासून द्यावी, एवढंच तिचं काम होतं. यंत्रात बदल झाला की कागदही बदलायचा, त्यामुळे माझं रिसालीला जाणं सुरू झालं.

समीरनं यासाठी नोकरी सोडली होती. मोठी ऑर्डर आली नाही तर दिवाळीनंतर पुण्याला जाईन, असं त्यानं स्पष्ट सांगून ठेवलं होतं. सुजाताला प्रोग्राम लिहिता येत नसे. तो गेला तर काम अर्धं राहणार होतं.

दिवाळीच्या आधी रायपूरच्या एका व्यापाऱ्यानं पाचशे यंत्रं मागितली. पेच नकोत, पाठ चिकटवलेली हवी, आणि त्याच्या दुकानातून घेतलेलेच खेळ चालले पाहिजेत, या त्याच्या अटी.

"ताई, पाँच सौ पीस," समीर म्हणाला. "असं कोण सोडते का?"

"सोडते म्हटलं का मी?"

त्या अटींप्रमाणे नमुना तयार झाला त्या रविवारी मी तिथंच होते. प्रेमानंदांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"पेच कुठी हायेत व?"

"नाही लावले बाबा. चिपकवलं हाय."

"कावून?"

"घेणाऱ्याले तसंच पाह्यजे."

"अन् बिघडलं त?"

"नवीन घ्या म्हणते."

"आमच्या प्लांटमंदी असं पॅनल बसवलं असतं," ते मला म्हणाले, "त फोरमननं बसवणाऱ्यालेच आत ठेवून दार लावलं असतं, मॅडम."

समीरसुद्धा हसला. मग प्रेमानंद खेळायला बसले आणि दहा मिनिटांत उजवं बटण आत अडकलं. खालचं रबर सरकलं होतं. पेच असते तर दोन मिनिटांचं काम. सुजातानं हेअर ड्रायरनं कडा गरम केली, ब्लेड घातलं आणि हळूहळू पाठ उचलली. पाठ निघाली, पण स्क्रीनला कोपऱ्यापासून तडा गेला.

तिनं यंत्राचे सुटे भाग डब्यात ठेवले आणि चहा केला.

सोमवारी तिनं व्यापाऱ्याला फोन केला. पेच राहतील, खेळ कुठलेही चालतील, बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं. त्यानं ऑर्डर रद्द केली. समीर तिच्याशी भांडला नाही. "आप सही हो ताई, पर मेरे को जाना पड़ेगा," म्हणाला. दिवाळीनंतर आठवड्यानं तो पुण्याला गेला. त्याचा प्रोग्राम कुलूप न लावता इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवलेला होता, कुणीही वाचावा, सुधारावा असा. तो आता त्यात सुटीच्या दिवशी दुरुस्त्या करून पाठवतो. कधी दुसरंच कुणी पाठवतं, ज्याला सुजातानं पाहिलेलंही नाही.

सुजाता आता चौतीस वर्षांची आहे. दिवसा ती वर्कशॉपमध्ये जाते आणि संध्याकाळी घरी यंत्रं जोडते, महिन्याला दहा-बारा. कागदाची घडी करून तो आत ठेवण्याचं आणि चार पेच लावण्याचं काम प्रेमानंद करतात.